चाचांनी ऐकलं, पण तिचं!

मंडळी, आज नुसता जळफळाट झालाय.

मेहकरच्या माझ्या दवाखान्यात मोबाइलवर मानसोपचारतज्ज्ञांचा ऑनलाइन कोर्स बघत होते. शिकवत होती पुण्याची अनघा, माझी बॅचमेट. विषय, कापूसवाल्यांचं नैराश्य! हिनं बोंडअळी फक्त स्लाइडवर पाहिलेली.

तेवढ्यात सलीमचाचा आले. बीटी कपाशी अळीनं खाल्ली तेव्हापासूनचे माझे पेशंट. बरं वाटलं की गोळ्या बंद करतात. सांगून सांगून माझा घसा बसला.

मोबाइलमधून अनघा म्हणाली, "बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, हे पेशंटला सांगा."

चाचा म्हणाले, "बराबर सांगून राह्यल्या. आता नाई सोडत. तुमाले शिकवतात म्हंजे लय मोठ्या असतीन, नाई?"

चाचा गोळ्या घेणार, आनंदच आहे. तरी अनघाला अजून 'छान बोललीस' लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलं असतं?