ओ द्यायची नाही

माझी धाकटी जाऊ सूयून घाबरट आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त लेकीला ते कळू नये म्हणून तिचा आटापिटा चाले. शिडीवर चढायची वेळ आली की तिचे गुडघे धरत. विहिरीत डोकवायची वेळ आली की कंबर भरून येई. धाब्यावर मका वाळत घालायला मी चढायची आणि ही खाली उभी राहून कण्हायची, "काय करू जाऊबाई, मेले हे गुडघे!" मात्र तव्यापुढं तासन्‌तास उकिडवी बसून ज्वारीची पातळ धिरडी घालायची तेव्हा ते गुडघे कुठं जायचे कोण जाणे. मी तोंडाची फटकळ. एकदा लेकीसमोर बोलून जाणारच होते, पण तिनं असं काही पाहिलं माझ्याकडं की मी धिरड्याचा घास तोंडात कोंबला आणि गप्प बसले.

आमचं गाव ताईशान डोंगराच्या पायथ्याला. दुनिया ज्या डोंगराला हात जोडते त्याच्याकडं सूयून पाठ करून बसायची. पण मूल होईना तेव्हा झक मारत गेली. वर देवळात डोंगराची आजी आहे. आम्ही तिला देवी म्हणत नाही, आजीच म्हणतो. तिच्या पायाशी मातीची बाळं ठेवलेली असतात. त्यातल्या एका बाळाच्या गळ्यात लाल दोरा बांधायचा, ते पोटाशी लपवायचं आणि मागं वळून न बघता घर गाठायचं. सूयून वर गेली ती चारी हातापायांवर, आणि खाली आली ती एकेका पायरीवर बसून, घसरत. विजारीचं बूड फाटलं. गाव पोट धरधरून हसलं. पण वर्षाच्या आत ल्यूअर झाली, मग हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

आता आजीनं दिलेलं पोर म्हणजे बारा वर्षांचं उसनं. त्याच्या गळ्यात चांदीचं कुलूप घालतात. बारावं सरायच्या आत पोराला पायी वर न्यायचं, उगवता सूर्य दाखवायचा आणि आजीपुढं ते कुलूप उघडून घ्यायचं. मग पोर आपलं. नाही नेलं तर आजी आपली वस्तू घेऊन जाते.

ल्यूअरला बारावं लागल्यापासून सूयून पुढं ढकलत होती. गहू निघू दे, पाऊस सरू दे, मका येऊ दे. मका आला आणि त्याच्याबरोबर ल्यूअरला ताप आला. दिवसा उतरायचा, दिवेलागणीला चढायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, ताप गेला, आठवड्यानं परत आला. शेजारची कोंग म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली, "आजी दार वाजवतेय गं. किती दिवस ऐकलं न ऐकलं करशील?"

ताप दुसऱ्यांदा उतरला त्या सकाळी सूयून पिठाच्या हातांनीच माझ्याकडं आली. "जाऊबाई, चला वर." तिचा नवरा बंदरावर कामाला, नव्या वर्षाशिवाय यायचा नाही, आणि तोवर बारावं सरणार. ओठ पांढरे पडले होते तिचे. मी म्हटलं, "गुडघ्यांना विचारलंस का?" ती हसली नाही.

निघायच्या आधी तिनं लेकीला समोर उभं केलं. "डोंगरावर अंधारात कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. आजीचे दूत असेच पोरं नेतात. माझ्या आवाजात मारली तरी नाही. आम्ही दोघी तुझं नाव घेणारच नाही. म्हणजे हाक आली तर ती दुसऱ्याच कुणाची. कळलं?"

"आणि मी हरवले तर?"

"हरवायचं नाही. माझा कमरेचा पट्टा धरायचा, सोडायचा नाही."

हे काही सूयूनच्या डोक्यातलं खूळ नव्हे. आमच्या सासूनं आम्हाला हेच सांगितलं, तिच्या सासूनं तिला. मीही मान डोलावली.

अंधार पडल्यावर चढायला लागलो. पुढं सूयून, नाक पायरीला टेकेल इतकी वाकलेली. मधे पट्टा धरून ल्यूअर. मागं बॅटरी घेऊन मी. कॉलेजची पोरं गाणी म्हणत आम्हाला ओलांडून जात होती. एकजण ओरडलासुद्धा, "मावशी, पायऱ्या मोजताय का?" सूयून ऐकण्याच्या पलीकडं होती. अर्ध्या वाटेवर दगडी कमान आहे, त्या मधल्या दारापाशी गरम पाणी प्यालो, कांद्याची पात घालून धिरडी खाल्ली. तिथून धुकं सुरू झालं. बॅटरी लावली की पांढरी भिंत दिसायची, विझवली की काळी.

उभ्या चढणीच्या अलीकडं पाइनची झाडं लागतात. तिथं ल्यूअर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मोठी आई, मला लघवीला जायचंय." ती खडकामागं गेली. तेवढ्यात पोरांचा एक घोळका आला, बॅटऱ्या सगळीकडं नाचवत. लाजून ती आणखी आत सरकली असणार. घोळका वर गेला, आवाज धुक्यात बुडाला, आणि खडकामागं कुणी नव्हतं.

सूयूनचा धीर सुटला. तिनं नाव घेतलं.

"ल्यूअर! ए ल्यूअर!"

काही नाही. मीही मोठ्यानं हाक मारली. काही नाही. मग आत कुठंतरी एक दगड सुटला. गडगडत गेला, गडगडत गेला, आणि थांबल्याचा आवाज आलाच नाही. त्या बाजूला घळ आहे. बॅटरी घेऊन मी चार पावलं आत गेले. झाडाचं एक मूळ दिसलं, त्याच्या पुढं जमीन दिसेना. तशीच मागं आले. खोटं कशाला बोलू, मीही भ्याले होते.

"ल्यूअर! मी आई आहे गं!"

दुसरा दगड सुटला. आधीपेक्षा लांब.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सूयूनच्या तोंडावर हात दाबला. "गप! अगं, ती ऐकतेय. ती तुझ्या हाकेपासून लांब पळतेय. तूच शिकवलंयस तिला!"

सूयूननं माझा हात काढला आणि पुटपुटली, "मग आता कशानं बोलवू?"

आईचा आवाज खोटा ठरला, नाव खोटं ठरलं. आत शिरावं तर पोर आणखी मागं जाणार, आणि मागं घळ. शिकवलेलं पोर फार वाईट, ऐकतं.

सूयून पायरीवरून उतरून त्या ओल्या मातीत चारी हातापायांवर आली. एक हात पुढं टाकला आणि तिथंच थिजली. तिचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. आणि मग ती हाक मारल्यासारखं नाही, रडत, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागली.

"मला भीती वाटते गं. मला पुढं येववत नाही. माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत, मला शिडीची भीती वाटते, विहिरीची वाटते, या डोंगराची तर रोज वाटते, म्हणून मी त्याच्याकडं बघत नाही. तुझ्या बापाशिवाय अंधारात झोप येत नाही मला. माझे हात घसरतायत. कुणीतरी येऊन मला धरा गं."

धुकं तसंच. मग काटक्या मोडल्या, हळू, सांभाळून टाकलेल्या पावलांखाली. आमच्या दिशेनं. खाली रांगत आलेला एक बारका हात सूयूनच्या मनगटावर पडला.

"धरलंय," ल्यूअर म्हणाली. "खाली नको बघू."

पोरीला मी बखोट धरून पायरीवर ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. मग मी रडले. पुढची उभी चढण सूयून लेकीचा पट्टा धरून चढली.

वर भाड्यानं मिळणारा जाड कोट घेऊन तिघी एकातच शिरलो. पायाखाली ढग लागले होते. सूयून भिंतीला पाठ लावून, डोळे गच्च मिटून बसली होती. सूर्य आला तेव्हा सगळे ओरडले.

"आला?" सूयूननं विचारलं.

"आला. लाल आहे. खालून थोडा चेपलाय. तू नको उघडू डोळे, मी सांगते ना," ल्यूअर म्हणाली.

"काल तू कशी आलीस? ओ द्यायची नाही म्हटलं होतं मी."

"आजीचे दूत कधी घाबरतात का, आई? आणि गुडघ्यांचं मला आधीपासूनच ठाऊक होतं."

मी दुसरीकडं बघितलं. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

देवळात पुजाऱ्यानं किल्ली काढली. डोक्यावर बुचडा बांधलेला, झोपेतून उठलेला माणूस. "आता आईनं आजीसमोर पोरीला नावानं हाक मारायची," तो म्हणाला. "पोरीनं ओ दिली की कुलूप उघडतो. एकदाच मारायची, आजीला ऐकू येतं."

सूयूनचा चेहरा पुन्हा पांढरा पडला. शेवटी तिनं हाक मारली.

"ल्यूअर."

पोर गप्प. ओठ घट्ट मिटलेले. पुजाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी आजीकडं. ल्यूअर आईच्या जवळ गेली आणि खालून तिच्या तोंडाकडं बघत तिनं हळूच विचारलं, "भीती वाटतेय?"

"वाटतेय गं."

"ओ," ल्यूअर म्हणाली.