चोंढीच्या नाक्यावर मी उतरले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतेय — नीट ठाऊक नाही.

मी आरोग्यसेविका आहे. दारू प्यायलेला माणूस कसा ओळखायचा, हे गावोगावच्या बायांना बसवून सांगते. बाया हसतात. ‘वासावरून कळतं की बाई, त्यात काय शिकायचं?’ मी म्हणते, वासावर जाऊ नका. वास लपवता येतो. मुरलेला पिणारा झोकांड्याही खात नाही. तो उलट फार जपून वागतो. शब्द तोलून तोलून बोलतो, सपाट जमिनीवरही पाय उचलून टाकतो, नजर तुमच्याकडे वळते पण पोचते उशिरा. हे मला पुस्तकानं नाही, आमच्या बाबांनी शिकवलं. शाळेतून आल्यावर ओटीवर चढायच्या आधीच मला कळायचं — आज घरात जायचं की शेजारी.

म्हणजे मला कळलं नाही, असं मी म्हणूच शकत नाही.

माझा थोरला भाऊ मिनीडोअर, म्हणजे सहा आसनी रिक्षा चालवतो, चोंढी ते रेवस. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि माझी मनू, तेव्हा पाच वर्षांची, त्याच्या गाडीत बसलो होतो. रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायचं होतं. दादा आला. तोंडात वेलची. ‘चला — बसा — नीट,’ म्हणाला. मग चावी लावायला गेला. चुकली. पुन्हा चुकली. शेवटी त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि लावली.

सकाळी दहा वाजता.

चावी काढून घेता आली नसती का? ओरडता आलं नसतं? नाक्यावर पंधरा माणसं उभी होती — आणि तेच तर. सगळी ओळखीची. बाबांच्या नावानं जे ऐकलं, तेच आता दादाच्या नावानं ऐकायचं? मी मनूचा हात धरला आणि उतरले. ‘दादा, कागद घरीच राहिले. तू जा.’

शेजारच्या सुलोचनाकाकू तिथंच उभ्या होत्या. सुनेला मुलगी झालेली, तिला बघायला मुंबईला निघाल्या होत्या. पिशवीत डिंकाचे लाडू, सुक्या मासळीतली करदी. मला म्हणाल्या, ‘उतरलीस का गो? मंग मी बसू तुज्या जागेवर? लाँच सुटंल न्हाय तं.’

‘बसा ना, काकू.’

पिशवीसुद्धा मीच वर दिली.

पुढच्या वळणावर गाडी कलंडली. बाकीच्यांना खरचटलं. काकू गाडीखाली सापडल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत गेल्या. दादा घाबरून नारळाच्या वाडीत पळाला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत हजर झाला. तोवर त्याच्या रक्तात सापडण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरले होते मी. हवालदारानं विचारलं, ‘ड्रायव्हर प्यायलेला वाटला का?’

‘नाही.’

‘तुम्ही आरोग्य खात्यातल्या. तुम्हाला कळलं असतं.’

‘हो. कळलं असतं.’

त्यानं लिहून घेतलं. जनावर आडवं आलं, असं ठरलं. तेराव्याला काकूंचा मुलगा मला म्हणाला, ‘ताई, तू आणि मनू वाचलात, देवाची कृपा.’ मी मान हलवली. मान हलवली मी!

पण एवढ्यावर संपत नाही. दादाला ती सकाळ नीट आठवत नाही. चार महिने त्यानं गाडीला हात लावला नव्हता. एक दिवस माझ्याकडे आला, उंबऱ्यापाशीच बसला. ‘तू होतीस ना तिथं. मी बरा होतो ना गं? खरं सांग.’ तो खाली बघत होता. त्याला ‘नाही’ ऐकायचं होतं का? मला वाटतं, होतं. मी ‘नाही’ म्हटलं असतं, तर त्यानं गाडी विकली असती.

‘बरा होतास, दादा,’ मी म्हणाले.

आठवड्यानं तो पुन्हा नाक्यावर उभा राहिला. आजही चालवतो, त्याच रस्त्यावर. पितो का? पितो. मला लांबूनच कळतं. मी आणि मनू त्याच्या गाडीत बसत नाही. कुणी विचारलं तर सांगते, मला डिझेलच्या वासानं मळमळतं. बाकीची माणसं बसतात.