संत्रा बर्फी आणि माझं नाव

मनीषनगरच्या शेजाऱ्यांनी काल संत्रा बर्फीचा डबा आणून दिला. झाकण उघडताच तो आंबटगोड वास आला आणि माझं डोकं सणकलं. डबा मी तसाच बंद केला.

लहानपणी मी बोलताना अडखळायचो. माझे काका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, कट्टर वर्तनवादी. "मन कोणाले दिसते का? वागणं दिसते. तेच सुधरवायचं," म्हणायचे. न अडखळता बोललो की बर्फीचा तुकडा, अडखळलो की डबा बंद.

एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी माझं नाव विचारलं. 'प्रकाश'मधला 'प्र' माझ्या ओठांवर नेहमी अडायचा. मी झटकन म्हणालो, "सुनील."

"भाऊजी, त्यानं नावच खोटं सांगतलं," आई म्हणाली.

"पण अटकला का, वहिनी? नाही ना," म्हणत काकांनी माझ्या हातावर बर्फी ठेवली. पाहुणे हसले. बोटांना केशरी चिकटा लागला.

पुढे मीही तोच विषय शिकलो. वर्तनवाद्यांनी मनाला दाराबाहेर ठेवलं आणि बोधात्मक मानसशास्त्राने ते परत आत घेतलं, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलं होतं. वाचून मी पुस्तक आपटलं. कारण पाहुण्यांसमोरच्या त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्याआधी डोक्यातल्या डोक्यात अवघड शब्द हुडकून बदलत आलो, आणि काका मात्र पोरगा बरा झाला म्हणून गावभर सांगत फिरले.

काका, दुसऱ्याचं नाव काहून सांगतलं, एवढं तरी विचारायचं होतं. तुमची जीभ तर अडखळत नव्हती.