कापशाच्या पाच गाठी

खुशालराव पाटलांचा घोडा कापशा बावीस वर्षांचा होता. पांढराशुभ्र. शेपटीखाली मात्र पाच काळ्या गाठी.

मी मुंबईहून बी. ए. होऊन नुकताच अमरावतीच्या शाळेत लागलो होतो. दर रविवारी भातकुलीला जाऊन पाटलांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्यांना अमेरिकेतल्या लढाईची खबर हवी असे. लढाईनं तिकडचा कापूस अडला होता म्हणून इकडे वऱ्हाडच्या कापसाला भाव होता. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण मैत्री बरोबरीची.

लढाई लागली त्या साली कापशाला पहिली गाठ आली. कापूस चढला. दुसऱ्या साली दुसरी आली. कापूस आणखी चढला. तिसऱ्या साली एकदम तीन आल्या, आणि गावाची खात्रीच पटली. तेव्हापासून बाजाराला निघणारा प्रत्येक जण आधी पाटलांच्या तबेल्यात येई. शेपटी उचली, गाठींना हात लावी, आणि तोच हात कपाळाला लावी. किसनराव दलालाला एकदा लाथ बसली. त्या आठवड्यात त्याचा माल हातोहात गेला. मग काही जण मुद्दाम लाथेच्या टप्प्यात उभे राहू लागले.

त्या मार्गशीर्षात सगळ्यांत मोठी गाठ फुटली. रक्त थांबेना.

"मास्तर, तुमच्या बुकात घोड्याच्या गाठीवर काई हाय काय?" पाटलांनी विचारलं.

मी काव्य आणि नाटकं शिकलो होतो. त्यांतले घोडे रथाला जुंपलेले असतात. त्यांना गाठी येत नाहीत. मी तसं सांगितलं.

"मंग इतके वर्सं काय शिकले बाप्पा?" पाटलांच्या बायको पार्वताबाई म्हणाल्या.

त्यांनीच अकोल्याहून वजीरखाँ सालोत्र्याला बोलावणं धाडलं. हा घोड्यांचा वैद्य. पुढच्या रविवारी तो आला. त्यानं शेपटी उचलली, बराच वेळ पाहिलं.

"सफेद घोडा बुढा झाला का असं होतेच, पाटील. डाग देऊन जाळता येते. पन चारी पाय बांधून पाडा लागीन. या उमरीत पाडला तं उठन याची हमी नाई देत मी."

"आन् नाई जाळली तं?"

"तं राहीन. दोन साल, चार साल. खुदाले माहीत."

पाटील कापशाच्या कपाळावरून हात फिरवत उभे राहिले. डाग द्या म्हणावं तर घोडा आजच जायचा. नको म्हणावं तर रक्त दिसत होतं.

"दुखते कोनती?" पार्वताबाईंनी विचारलं.

"फुटली तेच. बाकीच्याईचं त्याले काई नाई. आन् हे बी रोगानं नाई फुटली, बाई. नमस्कारानं फुटली."

डाग द्यायचा नाही, असं ठरलं. वजीरखाँनं सांगितलं की जखम कडुनिंबाच्या पाण्यानं धुवा, माशी बसू देऊ नका, आणि शेपटीखाली कोणाचा हात जाऊ देऊ नका. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या.

अमरावतीचा बाजार दुसऱ्या दिवसावर आला होता. सालोत्री अजून पान खात होता तेवढ्यात किसनराव दहा-बारा जणांना घेऊन आला.

"सरका, पाटील."

"घोडा बिमार हाय."

"आमी काय खातो त्याले? हातच तं लावतो."

"सारं गाव हातच लावते."

"पाहा बाप्पा," किसनराव शांतपणे म्हणाला, "घोडा तुमचा हाय. गाठी गावाच्या हायेत."

मागचे लोक माना हलवू लागले. दोघे तर तबेल्यात शिरलेही.

तेव्हा पाटलांनी पागोटं काढलं. वर्षभरात मी त्यांना पागोट्याशिवाय पाहिलं नव्हतं. टकलाच्या मधोमध लिंबाएवढी गाठ होती. पार्वताबाईंनी तोंडाला पदर लावला. पाटील उंबरठ्यावर बसले आणि मान खाली घातली.

"हे बी लढाईच्याच साली आली. लावा हात."

कोणी हललं नाही. किसनराव वाकून नीट पाहत होता.

"दुखते काय?"

"घोड्याले इचारलं होतं कधी?"

किसनरावनं विचार केला. मग गाठीला हात लावला, तो कपाळाला लावला.

"हे लाथ मारते काय, जी?"

"दाबून पाह्य."

तबेल्यातले दोघेही बाहेर येऊन रांगेत लागले. मी हातातलं वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो, हे मला वजीरखाँनं सांगितलं.

पौषात कापशाची जखम सुकली. उन्हाळ्यात लढाई संपल्याची बातमी मीच वाचून दाखवली. कापूस धाडकन उतरला. गावानं पाटलांच्या डोक्याला दोष दिला. रस्त्यात लोक त्यांच्या पागोट्याकडे रागानं पाहत.

घोड्याला कोणी काही बोललं नाही.