रनाळ्याच्या चौकातलं वाक्य

एका आईला मी भर सभेत रडू दिलं नाही. माझी चूक एवढीच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण या प्रवासाला मी तिच्यासाठीच निघालो होतो.

तेव्हा मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. भाषणं बरी करायचो, म्हणून बोलावणी यायची. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळे गावचा गोकुळ नावाचा जवान सीमेवरच्या गोळीबारात गेला आणि गावच्या चौकातल्या शोकसभेला मुख्य वक्ता म्हणून मला नेलं. युद्ध कधी धर्माचं असतं आणि कधी अधर्माचं, यावर मी तयारीने बोललो. लोक स्तब्ध होते. तेवढ्यात समोर बसलेल्या त्याच्या आईचा हुंदका फुटला. माझी लय तुटली. मी तिच्याकडे हात करून लाउडस्पीकरवर म्हणालो, “माय, रडू नका. वीरमाता कधी रडत नसते.” टाळ्या झाल्या. तिने पदर तोंडात धरला आणि ती गप्प झाली. परतीच्या जीपमध्ये सगळ्यांनी त्या वाक्याचं कौतुक केलं आणि मी ते करू दिलं.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ आजाराने गेला. आई ऊर बडवून रडत होती. मी तिला आवरायला पुढे झालो, तर मावशीने माझा हात धरला. “रडू दे तिला. मोकळी होऊ दे.” त्या क्षणी मला रनाळ्याची ती बाई आठवली. पदर तोंडात धरलेली. त्यानंतर ती डोळ्यांपुढून हलेना.

पौष महिन्यात सकाळच्या एसटीने नाशिकहून, आता राहतो तिथून, निघालो. सोबत पेढ्यांचा एक पुडा होता. शाल घेतली नव्हती; शाली त्या घरात पुष्कळ आल्या असतील. साक्री मागे पडली तशी हवा कोरडी झाली. कापूस वेचून झालेली करडी वावरं, मध्येच तुरीचे पट्टे आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. बसमधल्या गप्पांची बोली हळूहळू बदलत गेली. ‘आहे’चं ‘शे’ झालं, ‘माझं’चं ‘मन्हं’. इतकी वर्षं धुळ्यात काढूनही मी अहिराणी फक्त ऐकायला शिकलो. बोलायला लाजत राहिलो.

नंदुरबारच्या अलीकडे मला पहिल्यांदा लाल जमीन दिसली. ती जमीन नव्हती, मिरची होती. इथे ओली लाल मिरची मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवतात. त्या मैदानाला पथारी म्हणतात. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर लाल, आणि त्यात डोक्याला फडकी बांधलेल्या बाया ओळीने बसलेल्या. बसची खिडकी लावेपर्यंत ठसका लागला. स्टँडवर उतरलो तेव्हा डोळ्यांतून धारा वाहत होत्या.

समोर एक रिक्षावाला हसत उभा होता. दाढी पांढरी, अंगात स्वेटर.

“पहिल्यांदाच उनात (आलात) का साहेब?”

“दुसऱ्यांदा,” मी शिंकत म्हणालो.

“रडी ल्या मग. आठे कोनी इचारस नै, कसाले रडी ऱ्हायनात म्हनीसन.” (रडून घ्या. इथे कोणी विचारत नाही का रडताय म्हणून.)

त्याचं नाव यासीनभाई. रनाळ्याला नेऊन आणायचं ठरलं. त्याच्या आरशाला प्लॅस्टिकचा छोटा तिरंगा लोंबत होता. मी त्याकडे बघतोय हे त्याला दिसलं.

“कायम लावेल ऱ्हास,” तो म्हणाला. “टीव्हीवर लढाई सुरू व्हयनी का जरा मोठा लावस.” एवढं बोलून त्याने हॉर्न वाजवत एक ट्रॅक्टर मागे टाकला.

रनाळे मोठं गाव आहे. चौकात रिक्षा थांबली आणि मी उतरलो तो थेट माझ्याच वाक्यासमोर. गोकुळचा अर्धपुतळा, खाली सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं: ‘वीरमाता कधी रडत नसते.’ अक्षरं दरवर्षी कोणी उजळत असावं, कारण रंग ताजा होता. ओट्यावर चारदोन माणसं ऊन खात बसली होती. गोकुळची आई रोज या वाक्यावरून पाण्याला, दुकानाला, देवळात जात असणार. माघारी फिरावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण यासीनभाई बिडी पेटवून निवांत बसला होता आणि ओट्यावरच्या एकाने घर दाखवायला हात वर केलाही होता.

अंगणात गोकुळचे वडील उत्तमआप्पा बाजेची दोरी ताणत होते. त्यांनी डोळे बारीक केले.

“कोन शे भो? आरे, सर! ते भाषनवाला सर!” आणि आत वळून, “देख व, कोन उनात!”

गोकुळची आई, लिलामाय, पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी पायाला वाकलो तर त्या मागे सरकल्या.

“भलता दुबया व्हई गयात सर. डोकावर केस बी नै ऱ्हायनात. सरीनबाई जेवाले देतस नै का?”

तिघेही हसलो. एवढ्या मायेची मी तयारी केली नव्हती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लगेच जेवायला बसवलं. कयन्याची भाकर (ज्वारी आणि उडदाच्या पिठाची), वांग्याची भाजी, बिबडं (ज्वारीचा भाजलेला पापड) आणि वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार. आप्पा माझ्या ताटात वाढत राहिले. भिंतीवर गोकुळ वर्दीत हसत होता. जेवता जेवता दोनदा विषय काढायला गेलो आणि दोन्ही वेळा भाजीची तारीफ करून थांबलो.

जेवणानंतर ओसरीत बसलो. तिथे लाल मिरचीचा ढीग होता आणि कोपऱ्यात आणखी भरलेलं पोतं. लिलामाय देठ खुडायला बसल्या. माझे हात रिकामे होते, म्हणून मीही खुडायला लागलो.

“घरात तुम्ही दोघंच ना?” मी विचारलं. “मग एवढी मिरची?”

“आंडेरले (मुलीला), याहीले (व्याह्यांना), बठासले (सगळ्यांना) धाडनी पडस,” आप्पा घाईने म्हणाले. लिलामायने मान वर केली नाही.

आप्पा बाज ओसरीत ओढून तिची दोरी ताणत बसले. मग आप्पांनी बाजेची दोरी खाली ठेवली.

“सर, एक इचारू का? तुम्ही शिकेल मानूस. ती लढाई बराबर व्हती का?”

ज्या प्रश्नावर मी लाउडस्पीकर लावून तासभर बोललो होतो, तो आता गुडघ्याएवढ्या अंतरावरून कोणी मला विचारत होतं.

“आप्पा, त्या दिवशी मी फार खात्रीने बोललो होतो,” मी म्हणालो. “आपल्यावर कोणी चालून आलं तर कुणाला तरी उभं राहावंच लागतं, असं मला अजून वाटतं. पण तेवढी खात्री आता नाही.”

“माले बी वाटस, हुभं ऱ्हानं पडस,” आप्पा म्हणाले. “गोकुय बी तसंच म्हने.” गोकुळला ते गोकुय म्हणतात.

“तो आखो (आणखी) एक सांगे,” लिलामाय म्हणाल्या. “मागनी सुट्टीमा उना तवय. समोरना पहाडवर त्यासनी चौकी. सकायले तठे धूर निंघे. ‘माय,’ म्हने, ‘मन्हा च्या आन् त्यासना च्या संगेच उकयस.’” (माझा आणि त्यांचा चहा एकदमच उकळतो.) त्यांनी एक देठ बाजूला टाकला. “गोकुय गया त्या दिन आपलासनी बी तिकडे मारात म्हंतस (आपल्यांनीही तिकडचे मारले म्हणतात). मंग तठे बी एक माय व्हई ना. तिले बी कोनी सांगं व्हई का, रडू नको म्हनीसन?”

सूर साधा होता, चौकशीचा. टोमणा असता तर मी झेलला असता. मला काही दिसेनासं झालं आणि मी हाताने डोळे पुसले. मिरचीच्याच हाताने.

पुढची काही मिनिटं मी माणसात नव्हतो. दोन्ही डोळ्यांत आग. मी उठलो, दाराच्या चौकटीवर आपटलो, पेढ्यांच्या पुड्यावर पाय पडला. आप्पा पाणी आणायला धावले. लिलामायने मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि डोळ्यांवर दुधाचे बोळे ठेवले. त्या हसत होत्या. आवाज न करता, पण हात हलत होता त्यावरून कळत होतं.

“आते कसं! सर बी रडनात.”

“मिरचीने,” मी म्हणालो.

“मिरचीनं बरं ऱ्हास. डोयाले पानी उनं ते कोनी इचारस नै.”

यासीनभाई हेच बोलला होता. पण लिलामायचं हसू थांबलं होतं. माझे डोळे झाकलेले होते, म्हणूनच कदाचित त्यांना पुढचं सांगता आलं.

“तुम्ही गयात त्याना दुसरा दिन बाया भेटाले उन्यात. माले हुंदका उना. एक जन म्हननी, सर काय सांगी गयात? रडू नको. मंग बठ्याच म्हनाले लागन्यात. देवयमा गऊ तरी तेच, इहीरवर गऊ तरी तेच (देवळात गेले, विहिरीवर गेले, तरी तेच). मंग मी उखय (उखळ) काढं. मुसयना दनका, मिरचीना ठसका. जेवढं रडनं व्हतं तेवढं रडी लिधं (रडून घेतलं). आखी गल्लीनी मिरची कुटी दिधी. गावमा चक्की उनी तरी बाया मन्हाकडेच लयेत (आणायच्या). म्हनेत, लिलामायना हात भारी.”

मी बोळे काढले. आप्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“माले माहीत व्हतं,” ते म्हणाले.

“काय माहीत व्हतं?”

“बठं. म्हनीसन त दर साल जास्तीनी मिरची आनस.” (म्हणूनच तर दरवर्षी जास्तीची मिरची आणतो.)

लिलामाय त्यांच्याकडे बघत राहिल्या. “आन् माले वाटे, म्हातारानं डोकं फिरनं,” त्या म्हणाल्या. “दोन मानसं आन् पोतंभर मिरची.”

आप्पांनी तांब्या खाली ठेवला आणि दोरी पुन्हा हातात घेतली. ओसरीत कोणी कुणाकडे बघत नव्हतं. एका घरात, एका चुलीभोवती, दोन माणसांनी एकमेकांपासून हे सांभाळून ठेवलं होतं, माझ्या एका टाळीच्या वाक्यापायी.

“माय, माझं चुकलं,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली.

त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या. चुलीपाशी पोचल्यावर मान वळवून म्हणाल्या, “त्या दिन ते भोंगावर बोलना व्हतात.” (त्या दिवशी तर भोंग्यावर बोलला होतात.) ओठांच्या कडेला हसू होतं. मग चुलीत काटकी सरकवत, जरा वेळाने, “लढाई खरी व्हती का खोटी, ते तुम्ही शिकेल लोके ठरावा. मन्हं रडनं खोटं नव्हतं. तेवढंच माले म्हननं शे.”

चहा झाला. निघताना आप्पांनी कुटलेल्या मिरचीची पिशवी माझ्या हातात दिली आणि दोघेही मला पोचवायला चौकापर्यंत आले. ऊन कललं होतं, शेरडं घरी परतत होती. लिलामाय बाहेरगावी गेलेल्या शेजारणीच्या सुनेबद्दल सांगत होत्या आणि मी हुंकार देत होतो, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्या दिवशी मी काय राखायला निघालो होतो? लढाई न्यायाची होती, हे माझं म्हणणं. त्या म्हणण्याला एका बाईच्या हुंदक्याने तडा जाईल अशी मला भीती वाटली असणार. लढाई न्यायाची असेलही. तरी गोकुळ गेलाच होता, आणि समोरच्या पहाडावर चहा उकळणाराही कोणी गेला होता. त्यांच्यासाठी रडणं ज्या न्यायाला सोसत नाही, त्याची बाजू घेऊन मला आता कुठे उभं राहायचं नाही. जिथे खरोखर उभं राहणं भाग पडेल, तिथे उभ्या राहणाऱ्यांच्या घरी आधी रडायला जागा ठेवायला हवी. एवढंच मला या प्रवासात कळलं. आणि दुसऱ्यांना शिकवण्यासाठी मी किती वर्षं पगार घेतला!

चौक आला. ओट्यावरची माणसं तशीच बसली होती. यासीनभाई फडक्याने रिक्षाची काच पुसत होता. निळी अक्षरं उन्हात चमकत होती आणि लिलामाय नेहमीच्या सवयीने, तिकडे न बघता, पुढे निघाल्या होत्या.

मी थांबलो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचो तो आवाज काढला. ओट्यावरची माणसं वळली. यासीनभाईचा हात काचेवर थांबला. लिलामाय वळल्या आणि त्यांनी पदर सवयीने तोंडाकडे नेला. आप्पांनी तो हळूच खाली केला.

“हे वाक्य माझं आहे,” मी म्हणालो. “इथे, याच चौकात, भोंग्यावरून मी ते बोललो होतो आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ते वाक्य खोटं होतं. लिलामाय, तुमचा गोकुय गेला आणि मी तुम्हाला रडू दिलं नाही. मला माफ करा.”