बावळट नवरामुलगा

मी चौथी शिकलो, तेही तिसरीत दोनदा बसून. पण माणूस तोंड उघडायच्या आत ओळखतो, असा माझा तोरा होता. तो टोकियोत, कोतो नावाच्या भागातल्या माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, एका रविवारी दुपारी उतरला.

नात इथंच वाढली, इथंच नोकरीला लागली आणि तिनं जपानी मुलगा पसंत केला. मी बरेच दिवस तोंड फुगवून होतो. पण तिचं एकच, "आजोबा हो म्हणाले तरच." मग म्हटलं, आधी माणसं बघू.

तर मुलगा आला, त्याचे आईबाप आले. बूट काढून नीट दाराकडं तोंड करून ठेवले. विहीणबाईंनी वाकून मिठाईचा डबा पुढं केला नि काहीतरी पुटपुटल्या. नात मला मराठीत सांगत होती. "म्हणतात, अगदी टुकार वस्तू आहे, माफ करा."

टुकार आहे तर आणली कशाला? आमच्याकडं सोयरिकीला जाताना हातात काही नसलं तर निदान जीभ गोड करून जातात.

मग व्याही बोलले. त्यांचं घर म्हणजे खुराडं आहे म्हणे. बरं, शहरात जागा महाग, समजू शकतो. मग त्यांनी शेजारच्या स्वतःच्या पोराकडं मान वळवली. नातीनं शांतपणे सांगितलं, "म्हणतात, आमचा मुलगा बावळट आहे. कशातच धड नाही. तुम्हाला त्रासच होईल त्याचा."

पोरगा मुकाट मान डोलवत होता, वर हसत होता!

आमच्यात लंगडं घोडंसुद्धा शर्यतीचं म्हणून सांगतात. जन्मदाता बापच बावळट म्हणतोय म्हणजे प्रकरण त्याहून वाईट असणार. मी उठलोच. "जमायचं नाही म्हणावं यांना. आमची पोरगी काय उकिरड्यावर सापडलीय?"

नातीनं हे त्यांना सांगितलं नाही. माझ्या मुलानं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"आबा, रीत आहे ही इथली. आपलं ते वाईट म्हणायचं, समोरच्याचं ते चांगलं. पोरगा चांगला हुशार आहे."

"मग बाप खोटं बोलतो?"

"खोटं नाही हो, नम्रपणा. आता तुम्ही थोरले, तुम्हीही तसंच बोला. नात अर्धवट आहे, तिला काही येत नाही, सांभाळून घ्या. एवढंच."

मी ओट्याला टेकलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकण्यात आमचा जन्म गेला. इथं अख्ख्या मुलखानं ती म्हण उलटी टांगलेली! घरात मी नातीला काय कमी बोललोय? उशिरा उठली की 'आळश्याला गंगा दूर'. भात करपला नि तिनं कुकरला नावं ठेवली की 'नाचता येईना, अंगण वाकडं'. ती पण मला सोडत नाही. पण ते सगळं उंबऱ्याच्या आत. परक्यांपुढं माझ्या तोंडानं पोरीची नालस्ती? मान कापली तरी नाही.

बाहेर आलो, ताठ बसलो नि म्हणालो, "सांग त्यांना. आमची पोर सोन्याचा तुकडा आहे. तुमच्या सात पिढ्यांत अशी सून आली नसेल."

माझ्या मुलानं डोळे मिटले. नात त्यांच्याकडं वळून बोलली. जरा लांबच बोलली.

व्याह्यांचा चेहरा फुलला. नवराबायको दोघं वाकले ते वर उठेनातच. विहीणबाईंच्या तर डोळ्यांत पाणी. मनात म्हटलं, बघा! खऱ्याची किंमत सगळीकडं कळते. मीही वाकलो आणि होकार देऊन टाकला.

पाहुणे लिफ्टनं खाली गेले नि मुलाला हसू आवरेना. "आबा, तिनं काय सांगितलं माहितीय? आजोबा म्हणतात, पोरगी अर्धवट आहे, हट्टी आहे, तुमच्या घराला शोभायची नाही, तरी पदरात घ्या."

जे माझ्या तोंडून मेलो तरी निघालं नसतं, ते तिनं माझ्या नावावर खपवलं होतं.

"अगं, असं बोललो मी?"

"नाही बोललात, आजोबा. पण मला लग्न करायचंय ना."

त्या घरात आता माझं नाव फार आदरानं घेतात म्हणे. मुलगा म्हणतो, लग्न होईस्तोवर गप्प राहा. राहिलोय. पण लग्नात मी बोलणार आहे, आणि दुभाषा माझा मी शोधणार आहे.