नियम नसलेला शब्द

आमच्या ऑफिसात त्याला सगळे दुभाष्या म्हणायचे. फोनवरची ॲप्स लिहिणं हे त्याचं काम आणि त्यातल्या चुका काढणं हे माझं, त्यामुळे आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. अडलं की कोडमध्ये तो 'नंतर बघू' अशी टीप ठोकून पुढे जायचा. मी म्हणायचे, "अरे, तुझं हे नंतर कधी उजाडणार?" तो म्हणायचा, "तू आहेस ना बघायला." असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण त्याच्यावरचा राग फार वेळ टिकायचा नाही.

दुभाष्या हे नाव पडलं त्याच्या थोरल्या भावामुळे. आईवडील लवकर गेले. भाऊ शिंपी, शिवणयंत्रावर पाय मारून त्याने ह्याला शिकवलं. त्याच भावाला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्दांची अदलाबदल झाली. मनात पाणी असायचं आणि तोंडातून निघायचं 'कात्री'. हो म्हणायला गेला की मान नाही म्हणून हलायची. त्याला कळायचं सगळं, सांगता काही यायचं नाही. वहिनी रडकुंडीला यायची आणि तो चिडून डावा हात खुर्चीवर आपटायचा.

मग ह्याने ॲप लिहिलं. भावाने बटण दाबून बोलायचं आणि फोनने त्याचा खरा अर्थ मोठ्याने सांगायचा. पण आज कात्री म्हणजे पाणी, तर परवा कात्री म्हणजे चादर. दर वेळी नवं ॲप बांधा, ॲप स्टोअरवर ते मंजूर व्हायची वाट बघा, मग वहिनीच्या फोनवर चढवा. तोवर कात्री आणखी कुठेतरी पोचलेली. म्हणून त्याने ॲपच्या पोटात एक छोटा इंटरप्रिटर बसवला. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्याच. साध्या ओळींत लिहिलेले नियम वाचायचा आणि लगेच तसं वागायचा. ॲप तेच राहायचं, नियम तेवढे बदलायचे. वहिनीचा फोन आला की हा इथे खुर्चीत बसल्या बसल्या दोन ओळी लिहून पाठवायचा, आणि तिकडे भावाला पाणी मिळायचं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. इतकं सुबक काम त्याने ऑफिससाठी कधी केलं नव्हतं.

"मला तपासायला दे," मी म्हटलं होतं.

"घरचंच आहे गं. नंतर बघू."

पहिल्याच दिवशी ते ॲप बंद पडलं होतं, हे मला फार पुढे कळलं. भाऊ असा शब्द बोलला की ज्याला नियमच नव्हता. इंटरप्रिटरकडून काहीच उत्तर आलं नाही आणि ॲपने मान टाकली. भावाचा चेहरा इतका पडला की ह्याने तिथल्या तिथे ॲपमध्येच एक ओळ घुसडली: उत्तर रिकामं आलं, तर 'मला बरं आहे' असं म्हण. शेजारी नेहमीची टीप लिहिली. पुढे नियम त्याने हजारदा चाळले असतील, पण ती ओळ नियमांत नव्हतीच.

एकदा तो हसतच ऑफिसात आला. म्हणाला, "दादा सारखा बटण बटण करतोय. तोंडासमोर हात फिरवतो नि बटण म्हणतो. वहिनीने फोन पुढे धरला, तर फोन म्हणतो, मला बरं आहे. म्हणजे तब्येत ठीक आहे, बटणच लहान पडतंय."

त्याने बटण मोठं केलं. भावाचं बटण बटण थांबेना, तेव्हा आणखी मोठं केलं, मग लाल केलं. अर्धा पडदा बटणाने खाल्ला. वहिनी मात्र खूश होती. "भावजी, हल्ली ह्यांना बरं वाटतंय. दिवसातून कितीदा तरी तसं म्हणतात."

आणि मग एका सकाळी भाऊ काठी टेकत सरळ दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. दवाखान्यात मी बरोबर होते, गाडी माझी होती. उजवा डोळा त्याचा लहानपणापासून अधू. डाव्याच्या आतला पडदा सुटला होता, आणि आता उशीर झाला होता.

"आधी काळा, गोल ठिपका दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा आणलं असतं तर डोळा वाचला असता. त्यांनी काही सांगितलं नाही का?"

काळा, गोल ठिपका. जन्मभर कपडे शिवलेल्या माणसाने त्याला बटणाशिवाय दुसरं काय म्हणावं? आजारपणात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून जवळपास बरोबर शब्द निघाला होता. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. दुभाष्या भिंतीला टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "जरा बघतेस का?" ती ओळ सापडायला मला वेळ लागला नाही. 'नंतर बघू'वरून त्याला एकदा तरी सणसणीत बोलायचं, असं मी कधीपासून मनात धरून होते. आता मी नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ओळ बदलली. आता नियम नसला की फोन म्हणतो, 'कळलं नाही, पुन्हा सांगा.' पहिल्या दिवशी एवढंच लिहायचं होतं.

मध्यंतरी मी त्यांच्या घरी गेले. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"दादा, डोकं दुखतंय का?" ह्याने विचारलं.

"मला बरं आहे," भाऊ म्हणाला. स्वच्छ, न अडखळता.

मी चमकून वहिनीकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. "आता एवढंच येतं त्यांना, ताई," ती म्हणाली. "फोनचं ऐकून ऐकून बसलंय तोंडात. भूक लागली तरी तेच, रडू आलं तरी तेच."

दुभाष्याने मला विचारलं, "ह्याला कुठला नियम लिहू?" मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

त्याने भावाचं बोट धरून त्या मोठ्या लाल बटणावर ठेवलं. "बोल दादा. काय होतंय ते बोल."

"मला बरं आहे."

फोन म्हणाला, "कळलं नाही, पुन्हा सांगा."

भावाने मान आवाजाकडे वळवली आणि शहाण्यासारखं पुन्हा सांगितलं, "मला बरं आहे."